पांढऱ्या झालरी आणि काळा धूर

धूर मला आधी गाडीच्या मागे दिसला नाही, झालरींवर दिसला.

आमचा मंडप, खुर्च्या आणि लाइटचा धंदा. गोदाम गोव्यात, बांदोड्याला. दिवाळी उलटली की फोंडा तालुक्यात जत्रा-काले सुरू होतात आणि जत्रा म्हटली की रात्री देवळासमोर मराठी नाटक ठरलेलंच. आज एका देवळात उभा केलेला रंगमंच पहाटे सोडवायचा आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गावात उभा करायचा, असं महिनोन्महिने चालतं. या सगळ्याचा भार एका पिकअपवर. २०१८ची गाडी, बीएस-४ (म्हणजे धुराचे सरकारी नियम ठरवणारी भारत स्टेज श्रेणी), टर्बो डिझेल, काटा दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेला.

त्या दिवशी पोरं गोदामाच्या दारात पांढऱ्या साटिनच्या झालरींच्या घड्या घालत बसली होती. मी भरलेली गाडी उलटी घेतली. दारात जरासा चढ आहे, म्हणून क्लच सोडताना नेहमीपेक्षा थोडी जास्त रेस दिली. मागून आरडाओरडा झाला म्हणून उतरून पाहिलं, तर पाच-सहा झालरींवर सायलेन्सरच्या उंचीला हातभर काळा पट्टा. बोट लावलं. तेलकट लागलं नाही. कोरडी काजळी, कंदिलाच्या काचेवर धरते तशी, पुसायला गेलं की आणखी पसरणारी.

बायको म्हणाली, "या आता बाराव्याला भाड्याने द्या."

काजळी कोरडी होती हे तेव्हा मी नुसतं पाहिलं. त्यातच अर्धं निदान होतं हे नंतर कळलं. इंजिनाचं ऑइल जळत असेल तर धूर निळसर येतो आणि मागे तेलकट थर धरतो. कच्चं डिझेल न पेटताच बाहेर पडत असेल किंवा कूलंट आत जात असेल तर पांढरा येतो. कोरडा काळा धूर म्हणजे डिझेल पेटतंय, पण पुरतं जळत नाहीये. हवा कमी पडतेय, नाहीतर डिझेल जास्त जातंय.

दुसऱ्या दिवशी साडेतीनशे खुर्च्या घेऊन फर्मागुडीचा चढ चढत होतो. एक खुर्ची अडीच किलोची धरली तरी पावणेनऊशे किलो, वर जनरेटर आणि दोन माणसं. एरवी हा चढ गाडी तिसऱ्या गिअरवर सहज खेचते. त्या दिवशी पेडल तळाला टेकलं तरी गाडी उचलेना. आरशात बघतो तर मागचा रस्ताच दिसत नाही. इंजिनीअरिंग कॉलेजची पोरं स्कूटरवर मागे होती. ती धुरातून बाहेर आली आणि बाजूने जाताना त्यातल्या एकाने जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या गिअरवर, शरमेने मान खाली घालून वर पोचलो.

त्या आठवड्यात मी एक गोष्ट बरी केली. भाड्याच्या पावतीपुस्तकाच्या मागे धूर कधी येतो ते लिहीत गेलो. गाडी जागेवर चालू ठेवली तर धूर नाही. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर, जवळजवळ नाही. जागेवर उभं राहून एकदम रेस दिली की एक काळा भपका, मग साफ. माल भरून चढावर मात्र ढग, आणि ढग आला की गाडी मेलेली. हे चार मुद्दे लिहिताना मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. गॅरेजवाल्याला सांगायला बरं, एवढाच हेतू होता.

मत देणाऱ्यांची काही कमी नव्हती. डिझेलात भेसळ आहे, हे तर चहाच्या गाड्यावरच्या प्रत्येकाने सांगितलं. पंप बदलून दोन टाक्या जाळल्या, धूर होता तिथेच. एअर फिल्टर काढला तर त्याच्या घड्यांत तांबडी माती गच्च बसलेली. उन्हाळाभर लग्नाच्या मांडवांसाठी शेतांतून आणि धुळीच्या मैदानांतून गाडी फिरवलेली, आणि फिल्टर नवा घेण्याऐवजी मीच दोनदा कॉम्प्रेसरची हवा मारून पुन्हा बसवलेला. कागदाचा फिल्टर असा झोडपला की त्याच्या घड्या फाटतात आणि धूळ आत जाते. ही चूक माझीच. साडेसहाशेचा नवा फिल्टर घातल्यावर धूर थोडा पातळ झाला. थोडाच.

मग गाडी एका गॅरेजला नेली. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. त्याने स्कॅनर लावला, एरर एकही नाही. एक रेस दिली, भपका पाहिला आणि निकाल दिला, "चारी इंजेक्टर गेले, डिझेल फवारणारे. बावन्न हजार होतील."

"कसं कळलं?"

"धूर काळा ना?"

इंजेक्टर गळका झाला तर काळा धूर येतो हे खरंच. पण तसा गळका इंजेक्टर एखादा सिलिंडर बिघडवतो, गाडी जागेवर उभी असतानाही खडखडते, थरथरते आणि तेव्हाही थोडाफार धूर सोडते. माझी गाडी जागेवर घड्याळासारखी चालत होती. हे शहाणपण अर्थात आजचं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की हंगामाच्या तोंडावर माझ्याकडे बावन्न हजार नाहीत. मी म्हटलं, बदलण्याआधी तपासून तर बघा. तो म्हणाला, "फाल्यां." म्हणजे उद्या. गोव्यात राहणाऱ्याला या फाल्यांचा अर्थ समजावायला नको. तीन फाल्यां झाले आणि मी किल्ली परत घेतली.

मध्येच पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला, संपली. बीएस-४ डिझेल गाडीला धुराची मर्यादा ५० एचएसयू, म्हणजे धुराचा काळेपणा मोजायचं एकक. त्याआधीच्या जुन्या गाड्यांना ६५. मोजताना आधी दोन-चार वेळा रेस देऊन सायलेन्सर मोकळा करतात, मग नळी घालून पुन्हा पुन्हा पूर्ण रेस देतात आणि आकड्यांची सरासरी काढतात. माझ्या गाडीची आली ६८. तिथल्या पोराने पडद्याकडे बोट दाखवलं, मी मान डोलावली, दोघेही काही बोललो नाही. पीयूसीशिवाय गाडी सापडली तर दंड दहा हजारांपर्यंत जातो, आणि आमची गाडी जाणार देवळांच्या रस्त्याने, जिथे जत्रेच्या दिवसांत पोलीस असतातच.

शेवटी मेव्हण्याने उसगावच्या एका म्हाताऱ्या मेस्ताकडे, म्हणजे मिस्त्रीकडे, पाठवलं. खाणी चालू होत्या तेव्हा त्यांच्या हाताखालून खनिज मातीचे ट्रक रांगेने जात. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ला परत थांबल्या. तेव्हापासून मेस्त घराच्या मागच्या शेडमध्ये मिळेल ते काम करतात. मी गेलो तेव्हा ते नारळ सोलत होते. नारळ सोलता सोलताच त्यांनी विचारलं, धूर कधी येतो? मी पावतीपुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं. ते थांबले.

"हें बरयलां कोणें?" हे लिहिलं कोणी?

"मीच."

"बरें केलें." मग दोन प्रश्न. ऑइल कमी होतं का? नाही. टर्बोची शिट्टी बदलली आहे का? यावर मला उत्तर देता येईना. शिट्टी आहे हेच मी कधी ऐकलं नव्हतं. पण मग आठवलं, चढावर हल्ली कुठून तरी 'फुस्स' असा आवाज येत असे आणि मला वाटे, काच नीट लागलेली नाही.

मेस्तांनी बोनेट उघडायच्याही आधी सांगितलं, "नोझल न्हय दिसता. पूण पळोवया." इंजेक्टर नाही म्हटलं तरी तपासल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही, हे मला आवडलं. प्रत्येक इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल परत टाकीकडे जातं. त्या चार वाटा सोडवून त्यांनी चार सारख्या बाटल्यांत चार नळ्या सोडल्या आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवलं. इंजेक्टर आतून झिजला असेल तर त्याची बाटली बाकीच्यांच्या कितीतरी आधी भरते. चारही बाटल्यांत डिझेल जवळजवळ एका रेषेत उभं राहिलं. आठशे रुपयांत बावन्न हजारांचा प्रश्न मिटला. आत गळती आहे का, हे ही चाचणी सांगते. नोझलच्या तोंडाचा फवारा कसा पडतो ते सांगत नाही, त्यासाठी इंजेक्टर काढून मशीनवर लावावा लागतो. मेस्त म्हणाले, गाडी जागेवर इतकी गुळगुळीत चालते, एवढ्यात ते करू नको.

मग ईजीआर. जळलेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडणारी ही झडप. आत उष्णता कमी राहावी आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी व्हावेत म्हणून ती असते. पेडल तळाला गेलं, म्हणजे इंजिनाला जास्त हवा हवी असली, की ती मिटायला हवी. माझी झडप काजळीने इतकी लिंपलेली की मिटतच नव्हती. मेस्तांनी चाकूच्या टोकाने एक खपली उचकटून माझ्या तळहातावर ठेवली, करवंटीच्या तुकड्याएवढी जाड. शेडमधला पोरगा म्हणाला, पत्रा मारून बंदच करून टाकू, पुन्हा कटकट नको. मेस्तांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. झडप धुतली, आतली वाट साफ केली, बसवली. बाराशे रुपये.

उसगावहून बांदोड्याला येताना गाडी सुधारल्यासारखी वाटली. पण दुसऱ्या दिवशी माल भरून फर्मागुडी चढलो आणि धूर परत. आधीइतका नाही, पण आरशात स्पष्ट दिसण्याइतका. खरं सांगतो, त्या क्षणी मला पहिल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं पटायला लागलं होतं.

मेस्त मात्र बिलकुल वरमले नाहीत. म्हणाले, आधी घाण काढली, आता भोक दिसेल. या वेळी छोटा स्कॅनर लावून ते स्वतः माझ्या शेजारी बसले आणि गाडी भरलेलीच ठेवायला लावली. एरर नसला तरी स्कॅनरवर चालू आकडे दिसतात, हे मला माहीतच नव्हतं. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली तेव्हा मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या नळीतला, दाब १००च्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच, किलोपास्कलमध्ये. चढावर पेडल तळाला असताना टर्बोने तो जवळजवळ दुप्पट करायला हवा. माझ्या गाडीचा १३०च्या वर जाईना. मेस्तांनी काच खाली केली, हात वर केला आणि म्हणाले, "आयक. वारें भायर वता." ऐक, हवा बाहेर जातेय.

मी ऐकलं. तोच फुस्स.

इथे आतली गोष्ट अशी. एअर फिल्टरमधून हवा आत येते, तिथेच एक सेन्सर ती मोजतो. पुढे टर्बो ती हवा दाबून रबरी होजमधून इंटरकूलरला पाठवतो, तिथे ती थंड होते आणि दुसऱ्या होजमधून इंजिनात जाते. एक किलो डिझेल जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर टाळायचा तर डिझेल इंजिनाला त्याहूनही बरीच जास्त द्यावी लागते. आता मोजणीनंतरच्या वाटेत कुठे भोक असेल तर काय होईल? सेन्सर म्हणणार हवा भरपूर आली. गाडीचा कॉम्प्युटर त्या हिशेबाने डिझेल सोडणार. हवा मात्र वाटेतच पळालेली. डिझेल पूर्ण, हवा अर्धी, मागे काजळी. गाडी जागेवर नुसती चालू असताना टर्बो जवळजवळ दाब देतच नाही, म्हणून तेव्हा हवा पळतही नाही आणि धूरही येत नाही. माझ्या पावतीपुस्तकातल्या चार ओळी तिथल्या तिथे उलगडल्या.

भोक शोधायची मेस्तांची रीत बघण्यासारखी होती. त्यांनी नळाच्या पीव्हीसी पाइपची दोन टोपणं घेतली. एकाला भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवला. टर्बोकडचं होजचं टोक सोडवून त्यात वॉल्व्हवालं टोपण, इंजिनाकडच्या टोकात दुसरं, आणि दोन्हींवर क्लॅम्प. म्हणजे दोन्ही होज आणि मधला इंटरकूलर मिळून एक बंद फुगा. मग त्यात टायरची हवा भरायची.

"पंधराच्या वयर वचूं नाका," त्यांनी पोराला बजावलं. पंधरा पाउंड. कॉम्प्रेसरमध्ये शंभरावर असतात, विसरून दाबलं तर टोपण बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. मला त्यांनी बाजूला उभं केलं.

काटा पंधरावर गेला आणि डोळ्यांदेखत खाली यायला लागला. मेस्तांनी डब्यात साबणाचं पाणी फेसाळलं आणि जुन्या रंगाच्या ब्रशने होजवर फासत गेले. वरच्या बाजूला काही नाही. जोडांवर काही नाही. इंटरकूलरवर काही नाही. मग ते गुडघ्यांवर बसले, हात खालून घातला आणि टर्बोकडच्या होजच्या वळणावर ब्रश फिरवला. तिथे फेस फुगला. लिंबाएवढा फुगा, फुटला, पुन्हा फुगला. आरसा धरून मला दाखवलं. बोटाच्या पेराएवढी चीर, तीही तिरकी. हवेचा दाब नसताना तिचे ओठ मिटलेले. तीन वेळा बोनेट उघडून मी त्याच होजवर हात ठेवला होता आणि मला ती दिसली नव्हती. चिरेभोवती तेलमिश्रित काळपट डाग होता. मेस्त म्हणाले, होजवर असा डाग दिसला की समजायचं, हवा तिथून जाते. टर्बोतून हवेबरोबर थोडं ऑइल येतंच, ते बाहेर पडताना खूण करून जातं.

नवा होज चौदाशे. बसवला, पुन्हा पंधरा पाउंड भरले, काटा हलला नाही. संध्याकाळी भरल्या गाडीने फर्मागुडी तिसऱ्या गिअरवर चढलो, आरसा स्वच्छ. घरी येताना पोरांसाठी भजी घेतली.

गोष्ट इथे संपली असती, पण अकरा दिवसांनी रात्री साडेनऊला, खांडेपारजवळ, नाटकाचा सगळा पडदा-सामान गाडीत असताना, तोच फुस्स. नाटक दहाचं. मंडळाच्या अध्यक्षांचे फोनवर फोन. मागे धूर सोडत कसाबसा पोचलो. नाटक सुरू झालं साडेअकराला, तेही आमच्यामुळे, आणि ते मला अजून ऐकवलं जातं.

सकाळी मेस्तांनी नवा होज काढला. त्याच जागी, त्याच तिरकसपणे घासलेला. पूर्ण फाटला नव्हता, पण रबराखालचा धागा दिसत होता आणि एका बाजूने हवा निसटत होती. ते पहिल्यांदाच चिडले, माझ्यावर नाही, स्वतःवर. म्हणाले, होज आपोआप फाटत नसतो हे मी त्याच दिवशी विचारायला हवं होतं. त्यांनी मला ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं, पहिला गिअर टाकून क्लच जरासा सोडायला लावला आणि स्वतः इंजिनाकडे बघत राहिले. इंजिन एका बाजूला उचललं गेलं, जागच्या जागी कूस बदलल्यासारखं. एका बाजूच्या इंजिन माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या उशीचं, रबर बसून गेलं होतं. जोर आला की इंजिन कलायचं आणि होजचं वळण पॉवर स्टिअरिंगच्या पाइपच्या ब्रॅकेटवर घासायचं. दर चढाला एक घासणी. माउंटिंगची जोडी बदलली, होज आणखी एक घेतला. त्या दुसऱ्या होजचे पैसे मेस्त माझ्याकडून घेईनात, शेवटी निम्मे घेतले. ब्रॅकेटची धार कानशीने मोडली, वर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला.

त्यानंतर पीयूसी. तोच पोरगा. ३१. या वेळी तो बोलला, "काय बदललं?" मी म्हटलं, होज आणि इंजिनाची उशी. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

ज्यांच्याकडे २०२०नंतरची बीएस-६ गाडी आहे त्यांच्यासाठी एक सांगतो, कारण मेव्हण्याची तशी आहे आणि तो माझं ऐकून निश्चिंत झाला होता. त्या गाड्यांना मागे काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. होज फाटला तरी सायलेन्सरमधून धूर दिसायचा नाही, जाळी तुंबत जाईल आणि दिवा लागेल. अशा गाडीतून काळा धूर दिसलाच, तर ती जाळी फुटलेली किंवा कोणीतरी काढून टाकलेली.

माघ पौर्णिमेच्या मंगेशीच्या जत्रेच्या दिवसांत गाडी रोज दोन-तीन फेऱ्या करत होती. चढावर काच खाली करून मी अजूनही कान देतो. आता टर्बोची शिट्टी ऐकू येते, बारीक, रेस वाढली की वर चढणारी.

झालरी मात्र तीन वेळा धुतल्या, एकदा सोडा घालून. काळेपणा गेला, राखाडी राहिला. त्या आता रंगमंचाच्या मागच्या बाजूला लावतो, जिथे नट कपडे बदलतात.